चिऱ्यांचा ट्रक, आंब्याची पिकअप आणि चाळीसचा बोर्ड

ओव्हरटेक करताना वेगमर्यादा ओलांडली तर चालते, हा समज कोकणात इतका मुरलाय की अपघातानंतरच्या जबाबातही लोक तो बिनदिक्कत सांगतात. या समजाची नीट झडती घ्यायची तर एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा लागतो. खालचं प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. मोटार अपघाताच्या कागदांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका प्रसंगात बसवल्या आहेत, म्हणून नावं, गाडीनंबर आणि नेमकी जागा यात नाही. रस्ता आणि कायदा मात्र खरे.

एप्रिलचा शेवट. देवगड तालुक्यात हंगाम ऐन भरात. सकाळी उतरवलेला आंबा दुपारपर्यंत निवडून पेट्यांत भरायचा, पेट्या पिकअपवर चढवायच्या, ताडपत्री आवळायची आणि गाडी जामसंडे, तळेबाजार, शिरगाव करत नांदगाव तिठ्याला महामार्गावर काढायची. पुढे रात्रभर वाशीच्या मार्केटच्या दिशेनं. त्या दिवशी पेट्या भरायला उशीर झाला. गाडी निघाली साडेसहाला. निघताना मालकानं सांगितलं, आणि दहा मिनिटांनी फोन करून परत सांगितलं, की दोनच्या आत गाडी वाशीत लागली पाहिजे. चालक पंचविशीतला, याच भागातला, रस्ता तोंडपाठ.

अपघात झाला ती जागा अशी. आधी सरळ उतार, खाली मोरी, मोरीनंतर चढ आणि चढावरच डावीकडे वळण. वळणाच्या आतल्या अंगाला जांभ्याची कापलेली दरड, तिच्या माथ्यावर करवंदीच्या जाळ्या रस्त्यावर आलेल्या. पलीकडे साईडपट्टी, तीही डांबरापेक्षा वीतभर खाली. उतार सुरू होतो तिथे चाळीसचा बोर्ड. रस्त्याच्या मधली तुटक पांढरी रेघ वळणाआधी सलग व्हायला हवी, पण तिथली रेघ घासून पुसट झालेली.

उतारावर पिकअपच्या पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता, तीसच्या आसपास. पिकअपवाल्याला मागूनच वेग मिळाला होता. ट्रकचा डावा इंडिकेटर लागला, किन्नरानं खिडकीतून हात बाहेर काढून ‘जा’ अशी खूण केली. पिकअप उजवीकडे निघाली. त्याच वेळी ट्रकवाल्यानं, पुढचा चढ एका दमात निघावा म्हणून, मोरीवर गाडीला रेस दिली. दोन्ही गाड्या जोडीनं मोरी ओलांडून चढाला लागल्या आणि वळणावरून मोटरसायकल आली. नवराबायको, आपल्या बाजूनं, चाळिशीच्या वेगात, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मोटरसायकलवाल्यानं गाडी साईडपट्टीवर घातली, चाक खाली उतरलं, गाडी कलली आणि पिकअपचा उजवा कोपरा त्याच्या पायाला लागला. उजव्या पायाची नडगी मोडली. बायकोच्या मनगटाचं हाड मोडलं. ट्रक थांबला नाही. पिकअपवाला थांबला, दोघांना उचलून कणकवलीला दवाखान्यात घेऊन गेला आणि तिथूनच त्यानं पोलिसांना फोन केला. त्याची ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत त्याच्या बाजूनं मोजली पाहिजे. अपघातानंतर थांबणं आणि जखमीला उपचार मिळवून देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नं चालकावर टाकलेलं कर्तव्यच आहे, पण पाळणारे किती, हे रस्त्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

त्याचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. “ट्रकवाल्यान साईड दिल्यान म्हणान मी गाडी काढलय. आणि ओव्हरटेक करताना स्पीड वाढवूकच लागता, वकीलसायबानू, नायतर मधीच अडकाक होता.”

मर्यादेला सूट आहे का

नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. ठरवून दिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगानं कुणी गाडी चालवायची नाही आणि कुणाला चालवू द्यायचीही नाही. राज्य सरकारला एखाद्या रस्त्यासाठी, त्याच्या घडणीकडे आणि लोकांच्या सुरक्षिततेकडे पाहून, आणखी कमी मर्यादा लावता येते आणि तिथे तसा बोर्ड उभा करावा लागतो. या कलमातच एक अपवाद दिलाय, तो लष्करी सरावात असलेल्या लष्कराच्या गाड्यांचा. ओव्हरटेकचं नाव त्यात कुठेही नाही. चाळीसचा बोर्ड ट्रकच्या मागे असताना चाळीसचा आणि ट्रकच्या शेजारून जातानाही चाळीसचाच.

मग हा समज येतो कुठून? थोडासा इंटरनेटवरून. मालकाच्या मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं की अमेरिकेत अशी सूट असते. ते खरंही आहे, पण अर्धंच. वॉशिंग्टन राज्यात दुपदरी रस्त्यावर पुढची गाडी मर्यादेपेक्षा हळू चालली असेल, तर ती सुरक्षित अंतरानं ओलांडण्यापुरता, तेवढ्याच अंतरासाठी, वेग मर्यादेपलीकडे नेता येतो. मिनेसोटात ही सूट ताशी १० मैलांची आहे, आयडाहोत १५ मैलांची, आणि दोन्हीकडे ती ताशी ५५ मैल किंवा त्याहून जास्त मर्यादा असलेल्या दुपदरी रस्त्यांनाच लागू आहे. ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटर. म्हणजे मोकळे, लांब, सरळ रस्ते. चाळीसचा बोर्ड लागलेल्या वळणाला यातली मिनेसोटा आणि आयडाहोची सूट त्या राज्यांतही मिळाली नसती, आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला पाहिजे ही अट तर तिन्हीकडे आहेच. स्पेनमध्ये दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकसाठी ताशी २० किलोमीटरची सूट होती. मार्च २०२२ पासून त्यांनी ती काढून टाकली.

दुसरा समज मालवाहू गाड्यांच्या वेगनियंत्रकामुळे झालाय. तो ८० ला बांधलेला असतो, म्हणून ८० पर्यंत चालतं असं चालक धरून चालतात. नियंत्रक गाडीला ८० च्या वर जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. रस्त्याकडेचा बोर्ड त्याला वाचता येत नाही.

जोरात काढली तर लवकर सुटतो

चालकाचं खरं म्हणणं हे आहे आणि त्याला वेड्यात काढून चालणार नाही. वेग जास्त असला की दुसऱ्याच्या पट्टीत काढावा लागणारा वेळ कमी होतो, हे गणितानं बरोबरच आहे. म्हणून गणितच पूर्ण करू.

ट्रक आठ मीटर, पिकअप पाच मीटर, बाहेर पडताना ट्रकच्या मागे बारा मीटर आणि आत शिरताना पुढे बारा मीटर. म्हणजे पिकअपला ट्रकपेक्षा ३७ मीटर जास्त चालायचंय. ट्रक तीसनं, पिकअप चाळीसनं. फरक ताशी दहा किलोमीटरचा, सेकंदाला पावणेतीन मीटर. तेरा सेकंद लागतील. तेवढ्यात पिकअप दीडशे मीटर पुढे जाईल आणि समोरून चाळीसनं येणारी मोटरसायकलही दीडशे मीटर अलीकडे येईल. म्हणजे तीनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. त्या उतारावरून वळणापर्यंत दिसतं ते जेमतेम शंभर मीटर, कारण डाव्या वळणावर रस्ता दरडीच्या आड जातो आणि जे उरतं ते पुढच्या ट्रकनं झाकलेलं असतं. भारतीय रोड काँग्रेसचा दृश्यअंतराचा संकेत (आयआरसी ६६) पाहिला, तर ताशी ४० साठी ओव्हरटेकला १६५ मीटर आणि ६० साठी ३०० मीटर दिसणं धरलेलं आहे. तेवढं तिथे कुठल्याच हिशेबानं दिसत नव्हतं.

आता चालकाच्या पद्धतीनं. पिकअपला मालकानंच जीपीएस बसवलेलं होतं, माल कुठे पोचला ते बघायला. त्यात त्या मिनिटातली नोंद ७२ ची आहे. ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. ट्रक तीसवर राहिला असता तर सव्वातीन सेकंदांत काम झालं असतं, पिकअपचे ६३ मीटर आणि मोटरसायकलचे ३५. बेरीज शंभराच्या आत. कागदावर अगदी काठाकाठानं बसतं. चालकानं डोळ्यांनी जो अंदाज केला तो हाच, आणि असा अंदाज तो रोज करतो, रोज बसतो.

पण ट्रकनं रेस दिली. तो पंचेचाळीसवर गेला की फरक सेकंदाला साडेसात मीटरवर येतो, पाच सेकंद लागतात, पिकअपचे शंभर मीटर आणि मोटरसायकलचे पंचावन्न. दीडशेच्या वर. पन्नास मीटर कमी पडले, आणि ते पन्नास मीटर दुसऱ्या कुणीतरी पाय दाबल्यामुळे कमी पडले. वेगानं केलेल्या ओव्हरटेकचा हिशेब पुढच्या गाडीनं आपला वेग तसाच ठेवला तरच जमतो, आणि पुढच्याचा पाय आपल्या ताब्यात नसतो.

आणि बेत बदलायचा म्हटलं तर? ७२ वर असताना समोर काही दिसलं, की ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात २० मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर बरे ब्रेक धरले तरी ४० मीटर. एकूण साठ. चाळीसवर हाच आकडा तेवीस मीटर आहे. पिकअप आणि मोटरसायकल एकमेकांकडे सेकंदाला ३१ मीटरनं येत होत्या, म्हणजे वळणावर दिसल्यापासून तीन सेकंद. डावीकडे ट्रक, उजवीकडे मोटरसायकल आणि पट्टीवरून खाली उतरलेली साईडपट्टी. पेट्यांनी भरलेल्या पिकअपचा तोल वरच्या अंगाला असतो, त्या वेगात जोरात वळवली असती तर उलटली असती. वेगानं वेळ वाचवला तो ओव्हरटेक पार पडणार असेल तेव्हाचा. मागे फिरायची वाट त्याच वेगानं बंद केली. धडकेच्या जोराचं सांगायचं तर ७२ ची गाडी चाळीसच्या गाडीपेक्षा सव्वातीनपट ऊर्जा घेऊन येते. नडगीवरच निभावलं, ते मोटरसायकलवाला वेळेत पट्टीवरून उतरला म्हणून.

चाळीसच्या मर्यादेत ओव्हरटेक पुरा होत नसेल, तर कायद्याच्या नजरेत तिथे ओव्हरटेक नाहीच. ट्रकच्या मागे राहायचं, चढ संपेपर्यंत. मोरीपासून चढाच्या माथ्यापर्यंत फार तर एक किलोमीटर. तीसनं तो दोन मिनिटांचा, चाळीसनं दीड. फरक अर्ध्या मिनिटाचा.

ट्रकवाल्याचं काय

पोलिसांच्या पहिल्या कागदांत ट्रक जवळजवळ नव्हताच. “पुढे जात असलेला ट्रक” एवढाच उल्लेख. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी उणीव ही, आणि अशा किती तरी पंचनाम्यांत ती असते. ज्याची गाडी मोडली नाही तो कागदातून निसटतो.

१९८९ च्या रस्त्याच्या नियमांत स्पष्ट होतं आणि २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांतही आहे, की आपल्याला कुणी ओव्हरटेक करत असेल तर आपला वेग वाढवायचा नाही आणि त्याला अडवेल असं काही करायचं नाही. चढाला जोर घेण्यासाठी रेस दिली, अडवायचा हेतू नव्हता, हे ट्रकवाला प्रामाणिकपणे म्हणेल. पण स्वतःच साईड देऊन मग वेग वाढवला, हे त्याच्याविरुद्ध जातं. विनियम मोडल्याचा दंड कलम १७७अ खाली ५०० ते १००० रुपयेच आहे. खरा परिणाम नुकसानभरपाईत दिसतो, त्याकडे पुढे येतो.

आणि साईड दिली म्हणून पिकअपवाला सुटतो का? त्याच विनियमांत असंही आहे की वळण, चढ किंवा दुसऱ्या अडथळ्यामुळे पुढचा रस्ता नीट दिसत नसेल तिथे ओव्हरटेक करायचा नाही. पुढच्याची खूण ही आणखी एक अट आहे, पहिल्या अटीची सुटका नव्हे. शिवाय आपल्याकडे इंडिकेटरच्या खुणांचा गोंधळ मोठा. घाटात कुणी डावा लावून ‘जा’ म्हणतो, कुणी उजवा लावून ‘थांब’ म्हणतो, कुणी उजवा लावून ‘जा’ म्हणतो आणि कुणाला खरंच उजवीकडे वळायचं असतं. किन्नराच्या हातावर भरवसा ठेवून दुसऱ्याच्या पट्टीत शिरायचं म्हणजे ज्याला दिसतं त्याच्या डोळ्यांवर गाडी चालवणं, आणि तो किन्नर डाव्या खिडकीत बसलेला, दरडीकडे तोंड करून.

मधली रेघ पुसली होती हा बचावही पुढे आला. रेघ नीट आखून ठेवणं हे रस्ता सांभाळणाऱ्यांचं काम आहे आणि ते झालं नव्हतं, यात वाद नाही. पण न दिसणाऱ्या वळणाचा नियम रेघेवर अवलंबून नाही.

वेग सिद्ध कसा होतो

मोटरसायकलवाल्यानं जबाबात सांगितलं, “पिकअप ऐंशीच्या वर होती.” जवळच्या टपरीवर बसलेल्या एकानंही तसंच सांगितलं. कलम १८३ म्हणजे वेगमर्यादा मोडल्याचा गुन्हा. त्यात कायद्यानंच एक बांध घातलाय: एकट्या साक्षीदाराच्या ‘माझ्या मते’वर दोषी धरायचं नाही, त्याचं मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावरच्या मोजणीवर आधारलेलं असलं पाहिजे. इथे जीपीएसची नोंद होती म्हणून १८३ लावणं सोपं झालं. हलक्या गाडीला त्यात १००० ते २००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स जप्त होऊन पुढची कारवाई.

ती नोंद नसती तरी चालक मोकळा झाला नसता, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याच्या स्पष्टीकरणात कायद्याला सोडून केलेलं ओव्हरटेक हे नाव घेऊनच घातलंय. तिथे वेगाचा आकडा लागत नाही. वळण, दरड, मोरी, घासलेल्या टायरच्या खुणा, ट्रक आणि पिकअप जोडीनं होत्या एवढं पुरतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल, आणि हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, म्हणून कलम १२५ (ब), तीन वर्षांपर्यंत. पंचविशीतल्या पोरासाठी दंडाचे हजार-दोन हजार हा प्रश्नच नव्हता. लायसन्स गेलं की हंगाम गेला आणि पुढची नोकरीही गेली.

दोनच्या आत वाशीत

मालक म्हणाला, “मी तेका पळव म्हणान सांगूक नाय. येळेत पोच, इतक्याच सांगलय.” तो खरंच बोलत होता. पण कलम १८३ चालवणाऱ्याबरोबर आपल्या हाताखालच्या माणसाला तसं चालवायला लावणाऱ्यालाही धरतं, आणि त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे जी आंबा, मासळी, दूध यांची वाहतूक करणाऱ्या प्रत्येकानं वाचायला हवी. ठरावीक वेळेत प्रवास पुरा करण्याची सूचना दिली असेल, आणि वेगमर्यादा न मोडता तो त्या वेळेत पुरा होणं व्यवहारात शक्य नाही असं न्यायालयाला वाटलं, तर ती सूचना हाच सूचना देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा होतो. ‘पळव’ हा शब्द उच्चारावा लागत नाही.

हिशेब करून पाहू. साडेसहा ते दोन, साडेसात तास. अंतर चारशे किलोमीटरच्या वर. डिझेल, जेवण, कुठे वजन, कुठे तपासणी, यांचा एक तास काढला तर साडेसहा तास उरतात आणि सरासरी साठच्या पुढे जाते. सरासरी साठ म्हणजे वळणावळणाच्या पहिल्या टप्प्यात चाळीस-पन्नासनं जाऊन पुढे ते सगळं भरून काढायचं, वस्त्यांतून, घाटांतून, वळवलेल्या रस्त्यांवरून, रात्री, भरलेल्या गाडीनं. व्यवहारात शक्य नाही हे सिद्ध करायला वकील लागत नाही. मालकाच्या फोनमध्ये निघतानाच्या सूचनेचा व्हॉट्सॲप मेसेजही होता: “२ च्या आत मार्केट. उशीर नको.”

ओव्हरटेकचा निर्णय मोरीवर झाला असं पंचनामा म्हणतो. माझं ठाम मत असं की तो देवगडला पेट्या भरताना झाला. एका ट्रकमागे दोन मिनिटं राहणं त्या चालकाला परवडत नव्हतं, कारण त्याच्या साडेसात तासांत दोन मिनिटंही मोकळी ठेवलेली नव्हती. एकट्या चालकावर १८४ लावून फाईल बंद केली, तर पुढच्या हंगामात दुसरा पोरगा त्याच मोरीवर तोच अंदाज करणार.

भरपाई कुणी द्यायची

नवराबायकोचा दावा ओरोसला जिल्हा न्यायालयात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, कलम १६६ खाली. मोटरसायकल आपल्या बाजूनं, मर्यादेत, दोघांना हेल्मेट. त्यांच्याकडे दोष टाकायला जागा नाही. म्हणजे इथे ज्याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात तो आहे: पिकअप आणि ट्रक, दोघांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ‘खेनयेई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’ या निकालात सांगितलंय की अशा वेळी जखमी माणूस दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, आपापसातली वाटणी त्या दोघांनी पाहायची. दावेदाराच्या दृष्टीनं हा मोठा आधार आहे, कारण ट्रक सापडलाच नाही तरी त्यांची भरपाई अडत नाही. पिकअपच्या विमा कंपनीलाही ‘चालक मर्यादेपेक्षा जोरात होता’ म्हणून तिसऱ्या पक्षाचे पैसे नाकारता येत नाहीत, कायद्यानं दिलेल्या मोजक्या बचावांत वेग नाही.

पिकअपच्या बाजूनं मात्र ट्रक सापडणं फार गरजेचं, कारण वाटणी मागायची तर समोर पक्षकार हवा आणि दोघांचे वाटे ठरायला पुरावा हवा. चिऱ्याचे ट्रक शोधणं अवघड नसतं. तालुक्यातल्या चिरेखाणी मोजक्या, माल भरल्याचे पास असतात, त्यावर वेळ आणि गाडीनंबर असतो. पिकअपच्या जीपीएसच्या वेळेशी ते पास ताडून पाहा, असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे आठवड्याच्या आत द्यायला हवा, पावसाळ्यात खाणी बंद होऊन कागद गहाळ होण्याआधी. दावेदारांनीही वाट पाहू नये: एप्रिल २०२२ पासून कलम १६६ च्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि एप्रिलच्या शेवटी मोडलेल्या नडगीची मुदत ऑक्टोबरच्या शेवटी संपते.